एका सामन्याचा हंगाम

महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा चषक आता राजमाता जिजाबाईंच्या नावाचा आहे. जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा मराठवाड्याच्या वेशीला खेटून आहे. चषकाला नाव आपण दिले, चषक मात्र आपल्याकडे येत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९९१ पासून ही स्पर्धा भरवतो आणि तेव्हापासूनच्या विजेत्यांची यादी वाचायला बसले तर मणिपूर, मणिपूर, मणिपूर असेच वाचत जावे लागते. मध्येच कुठे बंगाल, एकदा ओडिशा, एकदा रेल्वे, दोनदा तमिळनाडू. महाराष्ट्र त्या यादीत नाही. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मणिपूरने हरियाणाला हरवून बाविसावे विजेतेपद घेतले, तेव्हा ते राज्य वर्षभर वांशिक हिंसाचाराने आतून पेटलेले होते. घरे जळाली, माणसे छावण्यांत राहिली, तरी संघ उभा राहिला आणि जिंकून परतला. खेळ असा मुरलेला असला की त्याला एका वर्षाच्या आपत्तीने धक्का लागत नाही. खेळ मुरलेलाच नसेल तर दहा चांगली वर्षेही पुरत नाहीत, हे त्याच यादीच्या दुसऱ्या टोकाला दिसते.

महाराष्ट्र मागे का, या प्रश्नाला ठरलेली उत्तरे तीन आहेत: पैसा नाही, मैदाने नाहीत, मुलींत गुणवत्ता नाही. पहिली दोन तर राज्याच्या पातळीवर टिकतच नाहीत. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये आशियाई महिला फुटबॉलची सर्वोच्च स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली. कोरोनाची लागण झाल्याने भारताला ती अर्ध्यावर सोडावी लागली, पण चीन आणि दक्षिण कोरिया यांचा अंतिम सामना नवी मुंबईतच रंगला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला आणि स्पेनने कोलंबियाला हरवले. एकाच वर्षात जगातल्या उत्तम महिला फुटबॉलपटू ज्या राज्याच्या गवतावर खेळून गेल्या, त्याने मैदान नाही म्हणून रडू नये. गुणवत्तेच्या उत्तराचा समाचार पुढे घेऊ. माझ्या मते खरे कारण या तिन्हींच्या बाहेर आहे आणि ते मोजता येण्याजोगे आहे: एखादी मुलगी वर्षभरात स्पर्धेचे किती सामने खेळते? बीडसारख्या जिल्ह्यात याचे उत्तर बहुतेकींसाठी 'एक' असे येते, आणि ते एक येण्याला आपली स्पर्धा भरवण्याची पद्धत जबाबदार आहे.

राष्ट्रीय स्पर्धेची रचना आधी पाहू. बाहेरून ती बाद पद्धतीच्या चषकासारखी दिसते. उपांत्य फेरी, अंतिम फेरी, पेनल्टीवर लागलेला निकाल, सगळे तसेच. डिसेंबर २०२१ मध्ये कोझिकोडला झालेल्या अंतिम सामन्यात मणिपूर आणि रेल्वे यांच्यात गोलच झाला नाही आणि मणिपूर पेनल्टीवर जिंकले. पण त्या अंतिम सामन्याआधी काय झाले ते महत्त्वाचे. केरळमधल्या त्या स्पर्धेत ३२ संघ चार-चारच्या आठ गटांत विभागले होते, म्हणजे सर्वांत दुबळ्या संघालाही तीन सामने मिळणार हे ठरलेले होते. पुढच्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, अमृतसरच्या अंतिम टप्प्यात बारा संघ सहा-सहाच्या दोन गटांत खेळले. तिथे पोचलेल्या प्रत्येक संघाला किमान पाच सामने मिळाले आणि त्याआधीच्या टप्प्यातले वेगळेच. तमिळनाडूने हरियाणाला २-१ ने हरवून तो चषक नेला. शालेय मुलींच्या सुब्रतो चषकातही दिल्लीला पोचलेले संघ आधी गटसाखळी खेळतात, बाद फेरी नंतर येते. थोडक्यात, देशाच्या पातळीवर शुद्ध बाद पद्धत कुणी वापरत नाही. संयोजकांना ठाऊक आहे की हजार किलोमीटरवरून आलेल्या संघाला एका सामन्यात घरी पाठवणे अन्याय आहे, आणि त्यातून खेळही वाढत नाही.

हे शहाणपण खाली झिरपत नाही. तालुका, जिल्हा, विभाग या पायऱ्यांवर बहुतेक ठिकाणी अजून बाद पद्धतच चालते. संघ कमी असले की तालुक्याची पायरी गाळून थेट जिल्ह्यावर स्पर्धा होते. चित्र काय असते? शाळेत पीटीचे सर असतील तर संघ तयार होतो. प्रवेशिका ऑनलाइन भरायची, जन्मदाखला, आधार, बोनाफाईड आणि फोटो जोडायचे, मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्यायचा. सकाळी नऊला मैदानावर हजर राहायचे म्हणून पहाटे सहाला टमटम किंवा एसटी पकडायची. मैदानावर फकीने आखलेल्या रेषा, त्या पहिल्याच सामन्यात पुसल्या जातात. ड्रॉमध्ये कुणाला 'पुढे चाल' मिळते आणि तो संघ न खेळताच पुढे जातो. बाकीच्या मुली वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत पळतात, दोन गोल खातात आणि साडेदहापर्यंत त्यांचा फुटबॉलचा हंगाम संपलेला असतो. सहभागाचे प्रमाणपत्र मिळते, दहावीच्या क्रीडागुणांची आशा थोडी पल्लवित होते आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या निम्म्या मुली संघात नसतात. जो संघ हरला त्याला आपण का हरलो हे सुधारून बघण्याची संधी पुढच्या ऑगस्टपर्यंत नाही. चूक आणि दुरुस्ती यांच्यात बारा महिने असतील तर शिकणे होणार कसे?

हिशेब मांडला की ही गोष्ट जास्त टोचते. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचा एक मुलींचा संघ धरला आणि शुद्ध बाद पद्धतीने स्पर्धा घेतली तर एकूण सामने होतात दहा. पाच संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते, म्हणजे पहिल्या फेरीचे सामने फक्त तीन. निकाल कसेही लागले तरी किमान चार आणि जास्तीत जास्त सात संघ एकच सामना खेळून परततात. सरासरी पडते संघामागे दोनाहूनही कमी. विजेता संघ तीन-चार सामने खेळून विभागाला जातो, तिथे पुन्हा बाद पद्धत, आणि राज्यातल्या आठ विभागांच्या विजेत्यांमध्ये पोचला तर आणखी एक-दोन. सगळे जमून आले तर बीडचा सर्वोत्तम शालेय संघ वर्षाला सात-आठ स्पर्धात्मक सामने खेळेल. कोझिकोडला गेलेला सर्वांत दुबळा संघ एकाच स्पर्धेत तीन सामने खेळला होता. जितके वर जावे तितके सामने वाढतात, खाली यावे तितके आटतात. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच सर्वांत कमी सराव, अशी ही उलटी उतरंड आपण क्रीडास्पर्धा म्हणून चालवतो आहोत.

यावर कुणी म्हणेल की बाद पद्धतीचा चषक ही फुटबॉलची जुनी आणि मोठी परंपरा आहे आणि इंग्लंडमध्ये महिलांचा खेळ त्यानेच तगवला. हे खरे आहे, आणि म्हणूनच त्याकडे नीट पाहायला हवे. इंग्लिश फुटबॉल संघटनेने डिसेंबर १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली. ती उठायला जवळपास पन्नास वर्षे लागली. बंदी उठता उठता महिलांच्या संघटनेने जी पहिली मोठी गोष्ट केली ती म्हणजे बाद पद्धतीचा चषक. १९७०-७१ च्या त्या पहिल्या हंगामात ७१ संघ उतरले आणि मे १९७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर साउथॅम्प्टनने स्कॉटलंडच्या स्टुअर्टन थिसलला ४-१ ने हरवून चषक घेतला. पैसा नाही, कार्यालय नाही, वार्षिक वेळापत्रक नाही, अशा अवस्थेत बाद पद्धतच परवडते: सामने कमी, तारखा कमी, पंच कमी. राष्ट्रीय पातळीवरची महिला लीग तिथे उभी राहायला १९९१ साल उजाडले. पण तेवढ्यावर थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. आजही इंग्लंडच्या त्या चषकात शेकडो छोटे क्लब पात्रता फेरीत उतरतात, पहिल्याच सामन्यात हरतात, आणि पुढच्या रविवारी आपल्या परगण्याच्या लीगचा सामना खेळायला बूट बांधतात. तिथे चषक हा लीगच्या डोक्यावरचा तुरा आहे. आपल्याकडे तुरा आहे, पागोटेच नाही.

परदेशाचे उदाहरण नको असेल तर कोल्हापूर आहेच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावे जिथे घराघरांत भांडणे लावतात, त्या शहरात बाद पद्धतीच्या चषकांचा तोटा नाही आणि शाहू स्टेडियमवर त्यांना गर्दीही तुफान होते. पण ते चषक रिकाम्या जागेत उभे नाहीत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग त्यांच्या पाठीशी असते, तिथे प्रत्येक संघ आपली कुवत आठवड्या-आठवड्याने तपासून घेतो आणि मग चषकाच्या सामन्यात जीव ओततो. मुलींच्या बाबतीत कोल्हापूरलाही हे साधायला वेळ लागला, तरी भारतीय महिला लीगच्या सुरुवातीच्या काही हंगामांत एफसी कोल्हापूर सिटी हे नाव दिसले ते या मुरलेल्या मातीमुळेच. मणिपूरचे तर विचारूच नका. तिथे गल्लीगल्लीतल्या क्लबांचे सामने, राज्याची लीग आणि पोलीस दलाचा महिला संघ अशी साखळी आहे. ओइनाम बेमबेम देवी लहानपणी मुलाचे नाव घेऊन मुलांच्या संघात खेळली ती सामने मिळावेत म्हणूनच, आणि पुढे भारताची कर्णधार होऊन पद्मश्रीपर्यंत गेली. २०१६-१७ मध्ये भारतीय महिला लीग सुरू झाली तेव्हा पहिले विजेतेपद इंफाळच्याच ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने घेतले, याचे कुणाला आश्चर्य वाटले नाही.

आता बीडकडे. इथे सामन्यांची संख्या हा एकच प्रश्न नाही, सामने कधी होतात हाही आहे. जिल्ह्याचे वर्ष दोन भागांत मोडते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांवर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी, केज या भागांत असे गाव क्वचितच सापडेल जिथून कोयते जात नाहीत. पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, लोक परततात ते मार्च-एप्रिलमध्ये. मधले पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसे आणि काही लेकरे. दहा-बारा वर्षांच्या मुली बरोबर गेल्या तर कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळतात, मागे राहिल्या तर आजीला सांभाळतात. शालेय स्पर्धांचे जिल्हा-विभागाचे वेळापत्रक जुलै-ऑगस्टपासून पुढे सरकत सरकत ऑक्टोबर-नोव्हेंबरला टेकते, म्हणजे ज्या आठवड्यात राज्य पातळीवरच्या निवडीची वेळ येते त्याच आठवड्यात गाव रिकामे होऊ लागते. वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला तर पक्की अशी वेळच नाही. केरळात ती नोव्हेंबर-डिसेंबरला झाली, अमृतसरचा अंतिम टप्पा ऐन जूनमध्ये, कोलकात्याचा मेमध्ये. मुंबई-पुण्याच्या खेळाडूला हे फक्त गैरसोयीचे आहे. बीडच्या मुलीला मात्र यातले कोणते महिने आपले आहेत हे मुकादम ठरवतो.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की बीडचा फुटबॉलशी संबंधच काय? इथली माती कुस्तीची, कबड्डीची, खो-खोची, लांब पल्ल्याच्या धावण्याची आहे, ती सोडून परका खेळ का रुजवायचा? आक्षेपात तथ्य आहे, कारण नावे खरोखर मोठी आहेत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले आणि पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. पाटोद्याच्या राहुल आवारेने कुस्तीत २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक कांस्य मिळवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवून जिंकला, त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातल्या कळंबअंब्याची. दम, चपळाई, काटकपणा यांत या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको, आणि गुणवत्ता नाही या उत्तराचा समाचार इथेच संपतो. पण याच तीन नावांकडे पुन्हा पाहा. साबळे घडला सैन्यात, आवारे पुण्याच्या तालमीत, इंगळेचा खेळही पुणे परिसरातच वाढला. जिल्ह्याने माणसे दिली, घडवणूक बाहेर झाली. एकटा धावपटू किंवा एकटा मल्ल असा बाहेर पडू शकतो. अकरा मुलींचा संघ गाव सोडून पुण्याला जाऊ शकत नाही. सांघिक खेळ जिथल्या तिथेच वाढवावा लागतो, त्याला दुसरा उपाय नाही, आणि हे खो-खोला जितके लागू आहे तितकेच फुटबॉललाही. खो-खो फुटबॉलच्या आड येतो असे मला वाटत नाही. पाठलागात दिशा बदलण्याची सवय असलेली मुलगी बचावफळीत फार लवकर रुळते.

परंपरेच्या आक्षेपाला नेमके उत्तर हरियाणा देतो. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली हरियाणात ८३४ होत्या. बीड जिल्ह्यात ८०७, महाराष्ट्रात सर्वांत कमी. मुलगी नकोशी असण्याच्या बाबतीत दोघेही एकमेकांना लाजवतील असे. तिथेही माती कुस्तीची आणि कबड्डीची, फुटबॉलची परंपरा नावाला नाही. तरी भिवानी जिल्ह्यातल्या अलखपुरा या एका गावातल्या सरकारी शाळेत शिक्षकांनी मुलींच्या हाती चेंडू दिला, रोज संध्याकाळी आपापसांत सामने सुरू झाले, आणि काही वर्षांत त्या गावाचा संघ सुब्रतो चषकात देशाच्या चांगल्या संघांना हरवू लागला. भारतीय महिला लीगच्या पहिल्या हंगामात अलखपुरा एफसी उतरला होता. एका खेड्याचा संघ, नावही खेड्याचेच. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षे हरियाणा राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. अलखपुऱ्यात काय नव्हते याची यादी बीडच्या कुठल्याही शाळेइतकीच लांब होती. होते ते एवढेच की मुली रोज खेळत होत्या आणि एका हरलेल्या सामन्याने त्यांचे वर्ष संपत नव्हते.

खर्चाचा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे आणि क्रीडा कार्यालयात बसलेला माणूस तोच पुढे करील. साखळी म्हणजे जास्त सामने, जास्त सामने म्हणजे जास्त पैसे. आणि आष्टी ते परळी हे अंतर दीडशे किलोमीटरच्या वर आहे, मुलींना दर आठवड्याला कोण नेणार? उत्तर नकाशातच आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे घाटावरचे तीन तालुके एक गट. अंबाजोगाई, परळी, केज, धारूर हा दुसरा. बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी हा तिसरा. चार संघांच्या गटात सहा सामने होतात: तीन रविवार, दर रविवारी दोन. तीन संघांच्या गटाने दोनदा एकमेकांशी खेळावे, तिथेही सहाच. तिन्ही गटांचे विजेते आणि सर्वांत चांगला उपविजेता बीडला उपांत्य फेरीसाठी यावेत. एकूण एकवीस सामने झाले, दहाच्या जागी. प्रत्येक संघाला किमान तीन, काहींना चार. सामने पंधरा-पंधरा मिनिटांचे आणि सात-सात जणींचे ठेवले तर दहा मुलींची शाळाही संघ उतरवू शकते आणि पूर्ण मैदान लागत नाही. जाण्या-येण्याचे अंतर तालुक्या-तालुक्यापुरते राहते, आणि मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. घाटावरच्या मुरमाड जमिनीवर पडले की गुडघे सोलतात, तिकडे स्टडचे बूटही धड चालत नाहीत. गोदाकाठच्या काळ्या रानात पाऊस झाला की चार दिवस पाय रुततात. म्हणून लहान मैदान आणि लहान सामना हाच इथला शहाणा आकार. बाद पद्धतीतली चुरस हवी असेल तर ती शेवटच्या तीन सामन्यांत आहेच. एका दिवसात बलाढ्याला लोळवण्याची गंमत कुणी काढून घेतलेली नाही, फक्त ती गंमत बघायला मुलगी मैदानावर शिल्लक राहिली पाहिजे.

आणखी एक आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो मला जास्त अवघड वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. राज्यात हे प्रमाण २१.९ टक्के. जिथे निम्म्याच्या जवळपास मुली बारावीच्या आत सासरी जातात तिथे फुटबॉलची लीग काय मागता, आधी ते थांबवा, असे कुणी म्हटले तर त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. मात्र याचे प्रचलित उत्तर मी देणार नाही. फुटबॉलने बालविवाह थांबतात, मुली सक्षम होतात, असे सांगून देणग्या मिळवणे सोपे आहे. रांचीजवळ 'युवा' या संस्थेने फुटबॉलच्या आधाराने आदिवासी मुलींचे शिक्षण सावरले, तिच्या मुली २०१३ मध्ये स्पेनमधल्या स्पर्धेतून कांस्य घेऊन आल्या आणि २०१९ मध्ये संस्थेला लॉरियस पुरस्कार मिळाला, हेही खरे. पण तिथे फुटबॉलबरोबर पूर्ण वेळेची शाळा चालते. नुसता चेंडू देऊन लग्न टळत नाही. बालविवाहाची मुळे उचलीच्या कर्जात, तरुण मुलीला गावात एकटी सोडून जाण्याच्या भीतीत आणि हुंड्याच्या भावात आहेत. तिथे क्रीडा कार्यालयाने नाक खुपसू नये. मुलांच्या क्रिकेटला कुणी विचारत नाही की त्याने दारूबंदी होते का. मुलींच्या खेळालाच दरवेळी समाजसुधारणेची पावती का दाखवावी लागते? खेळायला मिळणे हा हक्क आहे, एवढे कारण पुरेसे आहे. आकडेवारीचा उपयोग मात्र वेळापत्रकासाठी आहे. मुलीकडे खेळाची वर्षे साधारण बारा ते सतरा इतकीच असतील तर त्या पाच-सहा वर्षांत तिला पाच सामने द्यायचे की वीस, हे ठरवणे आपल्या हातात आहे.

चेंडू वाटण्याची हौस आपल्याला आहेच. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या निमित्ताने, 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' नावाचा उपक्रम झाला. शाळाशाळांत चेंडू पोचले, एका दिवशी राज्यभर लाखो मुले-मुली फुटबॉल खेळली, फोटो निघाले, बातम्या आल्या. सोळा सप्टेंबरला काय करायचे हे कुणी सांगितले नव्हते. एक दिवसाचा सोहळा आणि एका सामन्याची स्पर्धा ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत: खेळ म्हणजे प्रसंग, अशी समजूत. नंतरही चेंडू वाटण्याच्या योजना आल्या. चेंडू स्वस्त आहे, तो वाटताना नेते खूश होतात, आणि त्याला खेळाचे वेळापत्रक लागत नाही. वेळापत्रक लागते ते पंचांना, मैदान राखणाऱ्याला, रविवारी दोन तास येणाऱ्या शिक्षकाला. त्या माणसांच्या मानधनाची तरतूद कुणाला फोटोत दाखवता येत नाही, एवढीच तिची अडचण.

त्यामुळे जून ते सप्टेंबर हे महिने बीडच्या मुलींच्या फुटबॉलचे महिने म्हणून राखून ठेवायला हवेत. टोळ्या गावात असतात, शाळा भरलेल्या असतात, ऊस अजून उभा असतो. तालुका-गटांची साखळी जुलैपासून ऑगस्टच्या अखेरपर्यंत बसते आणि जिल्ह्याचा अंतिम सामना दसऱ्याआधी होतो. ज्या मुली ऑक्टोबरनंतरही गावात राहतात त्यांच्यासाठी दुसरा धागा आहे. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. तिच्यात ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, निम्मी मुलींची. आई-बाप कारखान्यावर असताना मुलगी जिथे सुरक्षित राहते ती जागा ही लीगची सर्वांत मजबूत खुंटी आहे. तिथे संध्याकाळी पाचला सगळ्या मुली एकाच आवारात असतात, घरी न्यायला कुणी येणार नसते आणि वेळ जाता जात नसतो. एका वसतिगृहातून सात जणींचा संघ निघत नसेल तर तो कुठूनच निघणार नाही. पण योजनेत मैदान आणि प्रशिक्षक यांची जागा पक्की हवी. बहुतेक वसतिगृहे भाड्याच्या इमारतींत चालतात, आवार म्हणजे पार्किंग, अशी स्थिती असेल तर पुन्हा चेंडूच मिळेल आणि तो खाटेखाली जाऊन बसेल.

सतरा वर्षांनंतरचा भाग मात्र मोकळाच राहतो आणि तो जिल्हा एकटा भरू शकत नाही. सुब्रतो चषक सतरा वर्षांखालील मुलींचा. त्यानंतर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या राज्य संघटनेच्या आंतरजिल्हा स्पर्धेसाठी जिल्हा संघ निवडायचा, तर निवड चाचणीला आलेल्या पंधरा-वीस मुलींतून अकरा काढण्यापलीकडे निवडसमितीला काही उरत नाही. जिल्हा संघटनेने आपला वरिष्ठ महिला संघ आंतरजिल्हा स्पर्धेत उतरवण्यासाठी घरच्या साखळीत किमान चार क्लब खेळवलेच पाहिजेत, अशी अट राज्य संघटनेने घातली तर निम्म्या जिल्ह्यांची पहिल्या वर्षी अडचण होईल, बीडची नक्की होईल. ती होऊ द्यावी. अंबाजोगाई, परळी आणि बीडच्या महाविद्यालयांत मुलींची संख्या कमी नाही, चार संघ तिथूनच निघू शकतात, आणि पहिल्या वर्षी ते एकमेकांशी सहा-सहा गोलांनी हरले-जिंकले तरी बिघडत नाही. मग जिल्हा संघ कोल्हापूरकडून हरला तर त्याच मुली पुढच्या महिन्यात परळीत पुन्हा खेळत असतील.